व्याकरण चालविणारे यंत्र

आमच्या लहानपणी मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असे: ‘अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा.’ एकेक शब्द उचलायचा, त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगायची आणि तो वाक्यात कोणाशी बांधलेला आहे ते दाखवायचे. जुनी माणसे याला पदपरिस्फोट म्हणत. ते नाव ऐकूनच निम्मा वर्ग गारद होई! मी स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही. पण गेली वीस वर्षे सोलापुरात मुलांना हेच व्याकरण शिकवितो आहे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यंत्रालाही कोणी व्याकरण चालवायला शिकविले आहे, हे मात्र गेल्या दिवाळीपर्यंत माझ्या गावीही नव्हते.

माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. भाऊबिजेच्या रात्री चिवड्याची बशी शेजारी ठेवून तो लॅपटॉपशी झटत बसला होता.

“काय चाललंय रे?”

“पार्सर बांधतोय, मामा. वाक्याचं व्याकरण चालवणारं यंत्र. तयार मिळतं, पण मला मुळापासून बांधून बघायचंय.”

मग त्याने मलाच प्रश्न घातला. दोन अधिक तीन गुणिले चार म्हणजे किती? मी म्हटले, चौदा. “वीस का नाही?” कारण तीन आणि चार आधी एकमेकांशी बांधलेले आहेत, दोन मागाहून येतो. कोण कोणाशी बांधलेले, हे ठरविणे म्हणजेच व्याकरण चालविणे. यंत्राला ते आपोआप समजत नाही. त्याला नियम लिहून द्यावे लागतात.

हे नियम लिहिण्याची रीत १९५९ साली जॉन बॅकस या अमेरिकन गणितज्ञाने मांडली आणि १९६० साली डेन्मार्कच्या पीटर नाऊर यांनी ती नीटनेटकी करून वापरली. पुढे १९६७ साली पीटर इंगरमन यांनी एका संगणकविषयक मासिकाला पत्र लिहून सुचविले, की या रीतीला पाणिनी-बॅकस असे नाव द्यावे. कारण अशाच ताकदीची सूत्ररचना पाणिनीने फार पूर्वी केली होती. अष्टाध्यायीत आठ अध्याय आणि सुमारे चार हजार सूत्रे. म्हणून पाणिनीला संगणक ठाऊक होता, असे म्हणणे ही पोकळ फुशारकी होईल. पण मोजक्या सूत्रांत अगणित शब्दरूपे बांधता येतात, हे त्याने दाखवून ठेवले होते, एवढे खरे.

माणसाच्या भाषेचे व्याकरण चालविणे यंत्राला त्याहून अवघड. ‘राम आंबा खातो’ आणि ‘आंबा राम खातो’, शब्द इकडचे तिकडे झाले, तरी खाणारा रामच. आयआयटी कानपूरच्या विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी ‘अक्षर भारती’ या सामूहिक नावासह १९९५ साली जो ग्रंथ काढला, त्यात या कामासाठी पाणिनीच्या कारकविचाराचाच आधार घेतला आहे. वर्गात मी कर्ता-कर्म घोकवून घेतो, तेव्हा मुले जांभया देतात. आता त्यांना हे सांगतो.

असो. नियम झाले, पण त्यांतून यंत्र कोणी बांधायचे? अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकात ‘याक’ नावाचा प्रोग्रॅम केला. त्याच्या हाती व्याकरणाचे नियम द्यावेत, की तो पार्सर तयार करून देतो. याच जॉन्सनसाहेबांची एक गोष्ट मोठी गमतीची आहे. एके दिवशी ते सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत नशिबाला शिव्या देत शिरले. प्रोग्रॅममधील चूक त्यांनी केव्हाच दुरुस्त केली होती. पण दुरुस्त केलेला भाग यंत्रासाठी पुन्हा बांधायचा राहिला होता. चूक नसलेल्या ठिकाणी चूक शोधण्यात सारी सकाळ फुकट गेली! फेल्डमन यांनाही आदल्या संध्याकाळी हाच फटका बसला होता. त्यातून १९७६ साली त्यांनी ‘मेक’ केला. कोणता भाग बदलला आहे हे तो पाहतो आणि नेमका तेवढाच पुन्हा बांधतो. त्यात ओळीच्या सुरुवातीला टॅब हवाच, असा एक खुळचट नियम राहून गेला. तो खटकत असूनही फेल्डमन यांनी बदलला नाही. कारण तोवर डझनभर माणसे मेक वापरू लागली होती, त्यांची गैरसोय कशाला! त्या बारा जणांच्या संकोचापायी जगभरचे लोक आजही तो टॅब न चुकता टाकतात.

१९८० साली रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेत एक नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद अडके. कागद अडकला की सर्वांना निरोप जाईल, अशी सुधारणा त्यांनी जुन्या यंत्रात केली होती. नव्यात ती करता येईना, कारण त्याच्या प्रोग्रॅमची मूळ संहिता कोणी देईना. १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला: संहिता उघडी, ज्याला हवी त्याने घ्यावी, बदलावी, पुढे द्यावी. याच प्रकल्पात रॉबर्ट कॉर्बेट यांचा ‘बायसन’ आला. याक गेला, रानगवा आला!

भाचा बांधीत होता तो हाच रानगवा. पहिली पायरी ‘कन्फिगर’. आचारी फराळाला बसण्यापूर्वी विचारतो ना, परात आहे का, झारा आहे का, तसे ते घरातले सामान तपासते. आमच्या घरी झारा नव्हता. ‘एम-फोर’ नावाचे अवजार नाही, असे सांगून काम थांबले. मग आधी एम-फोर बांधा, तो बसवा, पुन्हा पहिल्यापासून कन्फिगर. रात्रीचे बारा वाजून गेले. पुढे ‘मेक’, मग तपासणी, शेवटी ‘मेक इन्स्टॉल’, म्हणजे तयार वस्तू फडताळात जागच्या जागी लावणे.

मधेच त्याने एक गंमत दाखविली. बायसनचे स्वतःचे व्याकरणही बायसनच्याच रीतीने लिहिले आहे. म्हणजे बायसन बांधायला आधी बायसन पाहिजे. मी म्हटले, “हे विरजणासारखंच झालं. दही लावायला दही हवं.” तो हसला. “म्हणून तर मूळ संहितेबरोबर चमचाभर विरजण तयार करूनच पाठवतात.”

दोनच्या सुमारास त्याने त्यातल्या नमुन्याच्या हिशेबयंत्रात थोडा बदल केला आणि मराठी अंकांत दोन अधिक तीन गुणिले चार विचारले. चौदा आले. मी उठून पलंगावरची चादर हातात घेतली.

माझे वडील पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॅकार्ड मागावर चादरी विणीत. नक्षी आधी ग्राफच्या कागदावर काढायची, चौकटीगणिक धागा मोजून. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडायची. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खालीच राहतो; मधून बाणा जातो. फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ साली ही युक्ती साधली आणि चार्ल्स बॅबेजने पुढे आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात ती कार्डेच उचलली. वडिलांच्या हातचा एक मोर होता. कारखाना बंद पडला, कार्डे रद्दीत गेली, ग्राफ कोठे गेला कळले नाही. पुढे एका व्यापाऱ्याने तोच मोर मागितला, फक्त पिसारा थोडा आखूड हवा होता. वडील भिंग घेऊन चादरीच्या पाठीवरून धागे मोजीत बसले. तीन महिन्यांनी त्यांनी भिंग खाली ठेवले. म्हणाले, “चादर आहे रे माझ्याजवळ. मोर नाही.”

हे भाच्याला मी त्या रात्री प्रथमच सांगितले. तो बराच वेळ चादरीची उलटी बाजू पाहत राहिला. सकाळी अंघोळ नाही, काही नाही, बाहेर गेला आणि ग्राफची जाड वही घेऊन आला.

वर्ष झाले. तो सुट्टीला आला, की आम्ही दोघे धागे मोजतो. एरवी मी एकटा. पुरा झाला की हा ग्राफ मागेल त्याला द्यायचा, असे आमचे ठरले आहे. पिसाऱ्यापासून सुरुवात केली आहे. मान अजून बरीच दूर आहे.