बर्लिनचा पाठभेद

एला फिट्झजेरल्डच्या ‘एला इन बर्लिन’ या ध्वनिमुद्रिकेविषयी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १३ फेब्रुवारी १९६० च्या त्या मैफलीत ‘मॅक द नाइफ’ गाताना ती शब्द विसरली आणि न थांबता तिथल्या तिथे नवे रचत गेली. ही गोष्ट बहुधा हजरजबाबीपणाचा किस्सा म्हणून सांगितली जाते. आम्हांला ती पाठचिकित्सेचा प्रश्न वाटते.

हे गाणे मुळात बर्लिनचेच. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’चा पहिला प्रयोग तिथे १९२८ मध्ये झाला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे (१९७८) हे नाटक मराठी वाचकाला परके नाही. नाटकात हे गाणे येते ते जत्रेत खुनांच्या कथा गाणाऱ्या रस्त्यावरच्या गायकाच्या तोंडी. असा गायक संहितेला बांधलेला नसतो. आठवेल ते गातो, उरलेले जुळवतो. म्हणजे एलाच्या विस्मरणाने गाणे बिघडले नाही. ते आपल्या मूळ जातीकडे परतले. तिच्या नव्या ओळींत तर गाण्याचा इतिहासच आला आहे: आपल्याआधी ते गाणाऱ्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग यांची ती नावे घेते, आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कलही करते. मागे पॉल स्मिथचा पियानो आणि जिम हॉलची गिटार अविचल चालू असते.

स्थळही विसरू नये. डॉइचलांडहाले हे सभागृह १९३५ मध्ये खुद्द हिटलरच्या हस्ते सुरू झालेले. ज्यू असलेल्या वाइलला आणि ब्रेख्तला १९३३ मध्येच देश सोडावा लागला होता. त्याच सभागृहात त्यांचे गाणे एका कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेने इंग्रजीत गायिले. श्रोत्यांपैकी किती जणांच्या मनात हे आले असेल? मुद्रिकेत टाळ्या ऐकू येतात, मने नाहीत.

स्टुडिओत हा चुकलेला पाठ पुसून दुसरा घेतला गेला असता. निर्माता नॉर्मन ग्रॅन्झने तो तसाच ठेवला, आणि १९६१ मध्ये याच गाण्यासाठी एलाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. संहितेत नसलेल्या त्या ओळी आता मुद्रिकेत कायमच्या आहेत. उद्या कोणी ‘मॅक द नाइफ’ची चिकित्सक आवृत्ती काढली, तर त्या तळटीपेत टाकायच्या की मूळ पाठात?