मुंगळे, बुरशी आणि साइक्स साहेब

मागच्या जुलैमधला शनिवार. तीन दिवस पावसाची रिपरिप चालू होती. सकाळी उठून, चहाच्याही आधी, मुंग्यांच्या घरावरचं लाल कागदाचं झाकण उचललं आणि पोटात गोळाच आला. प्लास्टरच्या खालच्या खोलीत, कोपऱ्यात, कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं काहीतरी. आदल्या रात्री नव्हतं. बुरशी!

हो मंडळी, मी मुंग्या पाळतो. लोक कुत्रा पाळतात, मासे पाळतात, मी मुंगळे पाळतो. आईचं यावरचं मत एका वाक्यात सांगता येईल: "लोक मुंग्या जाव्यात म्हणून हळद टाकतात, आणि हा त्यांना मध चाटवतो." दिवसभर वर्क फ्रॉम होम, टीम पुण्यात, क्लायंट अमेरिकेत, आणि मी छत्रपती संभाजीनगरात (२०२३ पर्यंत औरंगाबाद) सिडकोतल्या घरी. मीटिंग लांबली की मी स्क्रीनकडे कमी आणि टेबलावरच्या वारुळाकडे जास्त बघतो. एक राणी, साठेक कामकरी. राणी आदल्या वर्षी पहिल्या पावसानंतर गच्चीवर सापडलेली, पंख गळालेली, एकटी.

पोटात गोळा यायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी अशीच एक वसाहत माझ्याकडे होती आणि तिलाही पावसाळ्यात अशीच बुरशी आली. तेव्हा मी प्रॉडक्शनला बग आल्यावर करतो तेच केलं. विचार न करता हॉटफिक्स. कापूस व्हिनेगरमध्ये बुडवला आणि मुंग्या आत असतानाच कोपरे पुसून काढले. बुरशी गेली. दोन दिवसांनी राणीही गेली. मुंगळ्यांची राणी नीट जगली तर बरीच वर्षं जगते, आणि कामकऱ्यांना दुसरी राणी करता येत नाही. उरलेल्या मुंग्या महिना-दीड महिना तिच्याविना हिंडत राहिल्या आणि एकेक करून संपल्या. ते बघणं फार वाईट होतं.

म्हणून या वेळी ठरवलं, आधी वाचायचं, मग हात लावायचा. आणि वाचता वाचता मी भलतीकडेच पोचलो. पुण्यात, वेरूळला आणि फ्रान्समध्ये.

एक इंजिनियर भेटतो

मुंग्या काचेत ठेवून बघायचा नाद जुना आहे. इंग्लंडचे सर जॉन लबक यांचं मुंग्या-मधमाश्यांवरचं पुस्तक १८८२ साली आलं. ते दोन काचांमध्ये मातीचा पातळ थर भरून मुंग्या ठेवायचे. त्यांच्याकडची एक राणी जवळजवळ १५ वर्षं जगली! (माझा लॅपटॉप चार वर्षांत गेला.)

पण प्लास्टरच्या घराची कल्पना फ्रान्समधल्या शार्ल जाने यांची. हा माणूस शिक्षणाने इंजिनियर, ब्रशच्या कारखान्यात काम, आणि फावल्या वेळात मुंग्या. म्हणजे आपल्यातलाच! १८९३ साली त्यांनी प्लास्टरच्या वारुळांबद्दल लिहिलं. प्लास्टरच्या ठोकळ्यात ओळीने खोल्या, वर काच, आणि एका टोकाला पाण्याचा हौद. प्लास्टर पाणी शोषून घेतं, त्यामुळे हौदाजवळची खोली ओली, त्यापुढची दमट, शेवटची कोरडी. कुठे राहायचं ते मुंग्यांनी ठरवायचं. अंडी, अळ्या, कोष यांना वेगवेगळा ओलावा लागतो, आणि ती उचलून योग्य खोलीत नेण्याचं काम मुंग्या आपल्यापेक्षा फार चांगलं करतात.

हे वाचलं आणि माझा बग मला दिसला. माझं घर सगळीकडून सारखंच ओलं होतं. पाण्याची नळी मधोमध, वर घट्ट काच, हवा जायला एकच भोक, आणि मी पुस्तकी शिस्तीने दर तीन दिवसांनी पाणी घालत होतो. एप्रिलमध्ये ते बरोबर होतं, आपल्याकडचा एप्रिल म्हणजे भट्टी. पण जुलैमध्ये हवेतच इतका दमटपणा असतो की प्लास्टर वाळतच नाही. त्यात कोपऱ्यात झुरळाची उरलेली तंगडी. ओल, अन्न आणि कोंडलेली हवा. बुरशीचे बीजाणू हवेत कायमच असतात, त्यांना आणखी काय पाहिजे?

आणखी एक गोष्ट कळली. बहुतेक मुंग्यांच्या धडात मागच्या बाजूला एक ग्रंथी असते, तिच्यातून जंतू आणि बुरशी मारणारा रस येतो. मुंगळ्यांच्या घराण्यातल्या बहुतेक जातींनी ती उत्क्रांतीत गमावली आहे. म्हणजे मी पाळायला नेमक्या अँटीव्हायरस अनइन्स्टॉल केलेल्या मुंग्या निवडल्या होत्या. धन्य.

पुण्याच्या परेड ग्राउंडवर

मग प्रश्न पडला, जंगली मुंग्या पावसाळ्यात काय करतात? त्यांच्या वारुळात तर धान्याची कोठारं असतात.

याचं उत्तर १८२९ च्या जूनमध्ये पुण्यात एका माणसाने लिहून ठेवलंय. विल्यम हेन्री साइक्स. ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी, मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरणारा. शिरगणती, पिकं, पक्षी, मासे, काही सोडलं नाही बाबाने. एक दिवस सकाळी फिरायला गेला असताना परेड ग्राउंडजवळच्या पडीक जमिनीवर त्याला गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. मूठ मूठभर, वीसहून जास्त. वाकून पाहिलं तर शेकडो मुंग्या जमिनीखालच्या कोठारातून बिया वर आणून ठेवत होत्या. त्याने अंदाज बांधला की पाऊस लागला, धान्य भिजलं, आणि पहिलं ऊन पडताच मुंग्यांनी ते वाळत घातलं. ऑक्टोबरात परतीच्या गडगडाटी पावसानंतर त्याने तेच पुन्हा पाहिलं. १८३५ मध्ये त्याने या मुंगीला नाव दिलं त्यातला 'प्रोव्हिडेन्स' म्हणजे पुढची तरतूद करणारी.

आता यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. आपल्या आजीने हे शंभर वेळा पाहिलं असेल. पण युरोपात तेव्हा उलटं वातावरण होतं. मुंगी धान्य साठवते हे बायबलात आणि ग्रीक-रोमन ग्रंथांत लिहिलेलं होतं, पण थंड देशांतल्या अभ्यासकांनी आपापल्या बागेतल्या मुंग्या पाहिल्या, त्या साठवत नव्हत्या. झालं! निष्कर्ष काय, तर जुन्या लोकांनी मुंग्यांच्या तोंडातले कोष पाहिले आणि त्यांना दाणे समजले. "माझ्या मशीनवर तर होत नाही" हे आपल्या धंद्यातलं वाक्य तेव्हापासूनचं आहे. साइक्स आणि नंतर दक्षिण भारतातले डॉ. जर्डन यांनी डोळ्यांनी पाहून लिहिलं, तरी वाद मिटायला १८७३ उजाडलं. त्या वर्षी जॉन ट्रेहर्न मॉग्रिज या तरुणाने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मुंग्यांवर पुस्तक काढलं. त्या दाणे साठवतात, दाण्याला मोड आला तर तो कुरतडतात, आणि ओले दाणे बाहेर आणून वाळवतात हे त्याने नीट दाखवलं. पुढच्याच वर्षी, पुरता तेहतीसचाही झालेला नसताना, तो वारला.

म्हणजे मुंग्या बुरशीशी लढण्याआधी बुरशीला जागाच देत नाहीत. ओल हलवतात, माल हलवतात, स्वतः हलतात. माझ्या मुंग्यांना मी हलायला जागाच ठेवली नव्हती.

साहेब वेरूळलाही गेले होते

या साइक्सबद्दल वाचताना मी खुर्चीतून उठलोच. कारण मुंग्यांच्या आधी, १८२३ साली, याच माणसाचा वेरूळच्या लेण्यांवरचा लेख मुंबईच्या लिटररी सोसायटीने छापला होता. वेरूळ माझ्या घरापासून तीसेक किलोमीटर! शाळेच्या सहलीपासून दहा-बारा वेळा तरी गेलो असेन. पण लेण्यांतल्या प्लास्टरकडे कधी कोण बघतं? सगळे कैलास बघतात आणि भजी खाऊन परत येतात.

आणि प्लास्टरचीच गोष्ट मजेदार आहे. २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्यातले माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि आपल्याच मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे एम. एम. सरदेसाई यांचा 'करंट सायन्स'मध्ये शोधनिबंध आला. वेरूळच्या बौद्ध लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तुकडे सापडले, साधारण दहा टक्के. ओळख पटवायला त्यांनी जालन्याकडून ताजी झाडं आणून सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिली. त्यांचं म्हणणं असं की या मिश्रणामुळे गिलावा ओल शोषतो, सोडतो आणि कीड लागत नाही. वेरूळच्या त्या गिलाव्यात किडीचा मागमूस नाही, उलट अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथली निदान पाव चित्रं किडींनी खराब केली आहेत. देवगिरीच्या किल्ल्यातही भांगेचा वापर त्यांना आढळला.

इंजिनियर म्हणून मला इथे एक शंका येते. अजिंठा आणि वेरूळ यांत फरक फक्त भांगेचा नाही. अजिंठा वाघूर नदीच्या अरुंद वळणात आहे, वेरूळ उघड्या डोंगरउतारावर. दोन व्हेरिएबल एकदम बदलले की श्रेय कुणाला द्यायचं? पण गिलाव्यात काय घालायचं याचा विचार करणारी माणसं तेव्हा होती, एवढं नक्की. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्यात काय नवीन? गावाकडे भिंतीच्या मातीत भुसा कालवायचेच की. आणि बळदात धान्य भरताना तुझी आजी कडुनिंबाचा पाला घालायची, पण आधी दोन उन्हं दाखवून. ओलं धान्य भरलं तर पाला काय करणार?"

दोन उन्हं. साइक्सच्या मुंग्यांचंही तेच.

औषधाचा रोग

अजिंठ्यात मात्र उपायांनीच घोळ केला. १८१९ मध्ये जॉन स्मिथच्या नजरेला लेणी पडली, त्यानंतर नकला करणारे आले. चित्रं उठून दिसावीत म्हणून त्यांच्यावर व्हार्निश लावलं गेलं. १९२० ते २२ मध्ये निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघांना बोलावलं. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, ते मोठं काम होतं, पण लाखेचा थरही दिला. तो पुढे पिवळा पडला, त्यात धूळ आणि काजळी अडकली, आणि तो काढायला पुढच्या पिढ्यांना अनेक वर्षं खपावं लागलं.

फ्रान्समधल्या लास्को गुहेची गोष्ट तर थेट बुरशीची. १९४० मध्ये सापडलेली, १९४८ पासून लोकांना खुली. माणसांच्या श्वासाने भिंतींवर हिरवं शेवाळ आलं म्हणून १९६३ मध्ये बंद केली. २००१ मध्ये, हवा खेळवणारी नवी यंत्रणा बसवल्यानंतर, पांढरी बुरशी पसरली. औषधं मारली, चुना टाकला. पांढरी हटली तर काही वर्षांत काळे डाग आले. ते पसरवण्यात बुरशी खाणाऱ्या चिमुकल्या, उड्या मारणाऱ्या किड्यांचा, स्प्रिंगटेलचा, हात असावा असं संशोधकांनी दाखवलं. गंमत बघा, मुंग्या पाळणारे लोक बुरशी खायला हेच स्प्रिंगटेल वारुळात मुद्दाम सोडतात! मीही मागवणार होतो. ऑर्डर थांबवली. छोट्या डब्यात ते कामाचे असतीलही, पण मला आधी ओल कमी करायची होती, आणखी एक प्राणी वाढवायचा नव्हता.

तर शेवटी काय केलं?

जाने साहेबांची नक्कल. नवा ठोकळा ओतला, पाण्याची जागा एका टोकाला, दुसऱ्या टोकाला बारीक जाळी लावलेली दोन भोकं. चार दिवस पंख्याखाली खडखडीत वाळवला, मग फक्त एक टोक ओलं केलं. जुनं आणि नवं घर नळीने जोडलं. नव्यावर काळा कागद, जुन्यावरचं झाकण काढून टेबललॅम्प. मुंग्यांना अंधार आवडतो, बाकी त्यांनी ठरवायचं.

पहिली रात्र काही नाही. दुसऱ्या रात्री एक कामकरी नळीतून गेली, परत आली. रविवारी पहाटे साडेचारला जाग आली तर रांग लागलेली. तोंडात अळ्या, तोंडात कोष. सगळ्यात शेवटी राणी, नळीच्या तोंडाशी दहा मिनिटं अडून बसली, मग गेली. मी श्वास रोखून बघत होतो.

जुनं घर रिकामं झाल्यावरच धुतलं आणि गच्चीवर ऊन पडलं तसं वाळवलं. आता अन्न छोट्या झाकणात देतो, उरलेलं दुसऱ्या दिवशी काढतो, आणि पाणी कॅलेंडर बघून नाही, प्लास्टरचा रंग बघून घालतो.

अळ्या ओल्या टोकाला, कोष कोरड्या टोकाला, राणी मधल्या खोलीत. आज सकाळी पाहिलं, आहे.

असो. आई खालून हाका मारतेय, गहू वाळत घातलेत आणि आभाळ भरून आलंय. निघतो.