विश्राम बेडेकर

विश्राम बेडेकर (१९०६–१९९८) हे मराठी चित्रपट दिग्दर्शक, पटकथाकार, कादंबरीकार व नाटककार होते. त्यांचा जन्म वर्धा जिल्ह्यालगतच्या अमरावतीचा. चिंतामणराव कोल्हटकरांसह केलेल्या ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) या पौराणिक चित्रपटापासून ते दिग्दर्शनाकडे वळले. पुढे ‘पहिला पाळणा’ (१९४२), प्रभातचा ‘लाखाराणी’ (१९४५, यात तरुण गुरुदत्त यांची छोटी भूमिका आहे), आद्य क्रांतिकारक फडके यांच्यावरील ‘वासुदेव बळवंत’ आणि सुरैया यांचा अखेरचा चित्रपट ठरलेला हिंदी ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) अशी परस्परांहून भिन्न प्रकृतीची कामे त्यांनी केली. हिंदू-मुसलमान मैत्रीवरील ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटाची कथाही त्यांचीच. मात्र तो दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या नावानेच ओळखला जातो. ‘रणांगण’ (१९३९) या एकमेव कादंबरीच्या कीर्तीपुढे बेडेकरांचे चित्रपटकार्य झाकोळले गेले आहे.