ऑनलाइन गणित स्पर्धा (पहिली ते आठवी)

ऑनलाइन गणित स्पर्धा : पहिली ते आठवीच्या मुलांनी फोन, टॅब किंवा संगणकावर ठरावीक वेळात सोडवायची गणिताची परीक्षा. वेळ साधारण अर्धा ते एक तास, प्रश्न बहुधा चार पर्यायांचे, तपासणी यंत्राची. विषय शाळेतलेच असतात : संख्याज्ञान, अपूर्णांक, लसावि-मसावि, शेकडेवारी, आकृत्या. प्रश्नाला मात्र पाठ्यपुस्तकात नसलेला एक पीळ दिलेला असतो. तो पीळ चांगला असेल तर स्पर्धा चांगली. पदके, प्रमाणपत्रे आणि शाळेच्या फाटकावरचे फलक यांवरून तिची पारख होत नाही.

अशा स्पर्धांचे मूळ कागदावरच्या परीक्षांत आहे. १९७८ साली सुरू झालेल्या ऑस्ट्रेलियन मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशनने पर्यायी प्रश्न आणि यंत्राने तपासणी ही रीत रूढ केली. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन आंद्रे देलदिक आणि झाँ-पिएर बूदिन यांनी १९९१ मध्ये फ्रान्समध्ये स्पर्धा सुरू केली आणि ऑस्ट्रेलियाच्या सन्मानार्थ तिला ‘कांगारू’ असे नाव दिले. पुढे ती अनेक देशांत पसरली. इंटरनेटवरचा पहिला मोठा गाजावाजा ‘वर्ल्ड मॅथ्स डे’चा. १४ मार्च २००७ रोजी ‘मॅथलेटिक्स’ या ऑस्ट्रेलियन संकेतस्थळाने तो भरवला. जगाच्या दोन टोकांना बसलेली मुले एकेका मिनिटाच्या डावात तोंडी हिशेबात एकमेकांशी भिडली. मौज मोठी होती, पण ती पाढ्यांच्या चपळाईची; गणिती विचाराची कसोटी तिथे फारशी लागत नव्हती.

महाराष्ट्राला गणिताच्या स्पर्धापरीक्षा नव्या नाहीत. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा आधी चौथी-सातवीला आणि २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला होऊ लागली. तिच्या पहिल्या पेपरातल्या ७५ प्रश्नांपैकी ५० गणिताचे, आणि दोन्ही पेपरांना वेळ दीड-दीड तास. गणित अध्यापक महामंडळाच्या प्रावीण्य आणि प्रज्ञा परीक्षांची तऱ्हा निराळी. तिथे उत्तर पायऱ्यांसह लिहावे लागते. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली पुण्यात स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान पाचवी-सहावीच्या मुलांसाठी गणित प्रज्ञाशोध स्पर्धा घेते. खासगी परीक्षांत सायन्स ऑलिंपियाड फाउंडेशनची ‘आयएमओ’ शाळाशाळांत पोचली आहे : चौथीपर्यंत ३५ आणि पाचवीपासून ५० प्रश्न, वेळ एक तास. १९५९ साली रुमानियात सुरू झालेले आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड ते हे नव्हे. त्या खऱ्या ऑलिंपियाडमध्ये दोन दिवसांत सहा प्रश्न, रोज साडेचार तास. भारत १९८९ पासून त्यात उतरतो आणि १९९६ चे यजमानपद मुंबईकडे होते. आद्याक्षरे सारखी असल्याने पालकांची गल्लत होते आणि कित्येक शिकवण्या ती खुशाल होऊ देतात.

ऑनलाइन परीक्षा घरोघर आली ती २०२० च्या टाळेबंदीत. खासगी ऑलिंपियाडे घरून द्यायची झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ उपक्रम सुरू केला. त्यात दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर गणित आणि भाषेचे प्रश्न येत आणि निकाल तिथल्या तिथे कळे. ती स्पर्धा नव्हती, पण मराठी माध्यमाच्या असंख्य मुलांनी पडद्यावर पहिले गणित सोडवले ते तिथेच. अमेरिकेतल्या मराठी घरांत नॉर्थ साउथ फाउंडेशनची ‘मॅथ बी’ परिचयाची आहे. १९८९ साली स्थापन झालेली ही संस्था भारतातल्या गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्याही देते. साथीच्या काळात तिच्या स्पर्धाही पडद्यावर गेल्या.

पडद्यावर आल्याने खरा फरक पडला तो पायऱ्यांना. कच्चे काम वहीत राहते आणि यंत्राला फक्त ‘अ, ब, क, ड’ दिसते. नेहमीचे एक गणित घ्या : ३ ने भागल्यास बाकी २, ४ ने भागल्यास ३, ५ ने भागल्यास ४ उरते अशी लहानात लहान संख्या कोणती? पर्याय ४९, ५९, ११९, १७९. तिन्ही वेळा बाकी भाजकाहून एकाने कमी आहे हे ज्याला दिसले तो लसावि ६० काढून एक वजा करतो. दुसरा एकेक पर्याय भागून बघतो; ४९ पाचांनी भागल्यावर बाकी ४ येते, पण चारांनी भागल्यावर १ येते, म्हणून तो पुढे ५९ वर जातो. दोघांनाही गुण सारखेच. वहीवर शिक्षकाने लाल शाईत पहिल्याला शाबासकी दिली असती आणि दुसऱ्याला ‘रीत दाखव’ म्हटले असते. दुसऱ्याची युक्ती टाकाऊ नाही, घाईच्या वेळी ती शहाणपणाचीच. पण प्रश्न रचणाऱ्याला जे तपासायचे होते ते राहूनच गेले. पर्याय न देता उत्तर टंकायला लावणे हा त्यावरचा साधा उपाय आहे, आणि बऱ्याच आयोजकांना तो सुचत कसा नाही याचे नवल वाटते.

दुसरा उपाय प्रश्नातच असतो, आणि त्याचा उत्तम नमुना नाशिकचा आहे. तिथल्या देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना आकड्यांच्या खेळातच ६१७४ ही संख्या सापडली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा, आणि हेच करत राहा. सातपेक्षा जास्त वजाबाक्या न होता ६१७४ येते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला ठाऊक झाले. आता ‘३५२४ पासून किती वजाबाक्यांत ६१७४ येईल?’ असे विचारा. ५४३२ उणे २३४५ बरोबर ३०८७, मग ८७३० उणे ०३७८ बरोबर ८३५२, मग ८५३२ उणे २३५८ बरोबर ६१७४, उत्तर तीन. इथे पर्यायांवरून उलटे येता येत नाही. वही उघडावीच लागते, आणि एक हातचा चुकला तर वाट भलतीकडेच जाते.

नाशिकच्याच सातपूरसारख्या कामगार भागात अशा स्पर्धांना आणखी एक बाजू आहे. त्र्यंबक रस्त्यालगतच्या इथल्या औद्योगिक वसाहतीत महिंद्र, सिएट आणि बॉश (जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘मायको’) असे कारखाने आहेत, त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉपे आहेत, आणि आजूबाजूला कामगारांच्या वस्त्या. घरात चांगला फोन एकच असला तर तो पाळीबरोबर कंपनीत जातो. दुपारी ठेवलेली स्पर्धा अशा मुलाला नोंदणी करूनही चुकते. संध्याकाळची किंवा दिवसभर केव्हाही देता येणारी जमते. उलट या घरांत असे गणित असते जे प्रश्नपत्रिकेत कधी दिसत नाही. प्रश्नपत्रिकेत पिझ्झ्याचे तुकडे असतात. लेथवरचा हिशेब घ्या : ५० मिमी व्यासाची सळई ४६ मिमीवर आणायची आहे, दर कटला टूल ०.२ मिमी आत घेतले, तर किती कट लागतील? चाराला ०.२ ने भागून ‘वीस’ म्हणणारी मुले पुष्कळ निघतील. पण सळई फिरत असते, म्हणजे धातू दोन्ही बाजूंनी निघतो आणि व्यास दर कटला ०.४ ने घटतो, उत्तर दहा. टर्नरच्या मुलाला हे चहा पिता पिता ऐकून माहीत असू शकते. दशांश अपूर्णांक, व्यास-त्रिज्या आणि नीट वाचन, तिन्ही एका प्रश्नात तपासले जातात. स्थानिक शिक्षकांनी प्रश्न काढले तरच असे काही येईल. तयार प्रश्नसंचांतून येणार नाही.

कॉपीचा प्रश्न घरून दिलेल्या परीक्षेत सुटलेला नाही. प्रश्नांचा क्रम बदलणे, दुसरी खिडकी उघडताच इशारा देणे, कॅमेरा सुरू ठेवायला लावणे हे नेहमीचे बंदोबस्त. कॅमेऱ्याच्या मागे उभ्या राहिलेल्या ताईला किंवा काकांना ते अडवत नाहीत. म्हणून काही स्पर्धा पहिली फेरी घरून आणि शेवटची शाळेत घेतात. लहान वर्गांच्या निकालातला क्रमांक त्यामुळे फारसा मनावर घेऊ नये. कोणता प्रश्न चुकला आणि का, हे सांगणारा अहवाल मिळत असेल तर तो मात्र जपून ठेवावा.

आठवीपासून वाट पुन्हा कागदाकडे वळते. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली आयओक्यूएम परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते : तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण, आणि प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली एक पूर्ण संख्या. पर्याय नसतात. तिच्यापुढच्या प्रादेशिक फेरीत तर सिद्धता लिहावी लागते, आणि घरी पडद्यावर पहिला येणारा मुलगा बहुधा इथेच अडतो, कारण ‘का?’ असे त्याला तोवर कोणी विचारलेलेच नसते.