ही सनई कोणाची?

शिरूरहून एसटीनं दौंडला निघालो होतो. कानात इअरफोन, मोबाइलवर जॉर्ज हॅरिसनचा ‘वंडरवॉल म्युझिक’. अचानक सनई वाजली आणि आमच्याकडचा लग्नाचा मांडव डोळ्यांसमोर आला. बीटल्सवाल्या या माणसाकडे सनई आली कुठून?

मुंबईतून! जानेवारी 1968मध्ये, 24 वर्षांचा हॅरिसन एका इंग्रजी सिनेमाच्या संगीतासाठी मुंबईला आला. तिथल्या एचएमव्ही स्टुडिओत त्यानं आपल्या वादकांचं वादन ध्वनिमुद्रित केलं. गिटार, ड्रम्स वगैरे भाग लंडनमध्ये झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात रेकॉर्ड बाजारात आली. बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीचा तो पहिला अल्बम.

त्या एलपीच्या कव्हरवर वादकांची नावं छापली होती : सनईवर शरद आणि हनुमान जाधव, बासरीवर एस. आर. केंकरे, संतूरवर शिवकुमार शर्मा. माझ्या मोबाइलच्या स्क्रीनवर मात्र एकच नाव, हॅरिसनचं. गाणी खिशात आली, पण कव्हर मागेच राहिलं. आणि त्याबरोबर ही माणसंही.

दौंड येईपर्यंत ती सनई मी तीनदा ऐकली. आता कुणाला लिंक पाठवली, की खाली एक ओळ टाइप करतो : सनई – शरद आणि हनुमान जाधव.