गार पाय

आजीच्या गोष्टीत तिचा धाकटा दीर दर वैशाखात मरायचा. राबासाठी पातेरा गोळा करत होता, ढिगात हात घातला आणि इच्चू चावला. आजी ही गोष्ट रडून सांगत नसे, क्रमाने सांगे. आधी भडाभडा ओकला. मग घाम, बंडी पिळून घ्यावी इतका. मग हातपाय गार पडले. पहाटे खोकला लागला आणि तोंडाला तांबूस फेस आला. "आणि ठणका?" आम्ही विचारायचो. "ठणक्याचं त्यानं नावच काढलं नाही," ती म्हणायची.

पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीला गाडीरस्ता नव्हता. माणूस झोळीत घालून खाली आणायचा. पण आधी भगत. भगत विंचू उतरवायचा: मंत्र पुटपुटत हात खांद्यापासून बोटाकडे निथळत आणायचा, आणि तासा-दोन तासांनी ठणका खरंच उतरायचा. ज्याला नुसता ठणका असतो तो बहुधा एरवीही बरा होतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं! बरा झालेला भगताच्या खात्यावर जायचा, मेलेला नशिबाच्या. असला जमाखर्च फक्त भगतच लिहितात असं नाही, म्हणा.

हा जमाखर्च नीट मांडला तो महाडशेजारच्या बिरवाडीत. 1976 साली तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर आले. लाल विंचवाचे रोगी समोर मरत होते. बावस्कर खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास असं सगळं टिपत राहिले. माणूस दगावतो तो ठणक्याने नव्हे. विषामुळे अंगातली संप्रेरकं उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी साचतं, हे त्यातून दिसत गेलं. 1982 साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांनी धोक्याची आधीच ओळखता येणारी लक्षणं मांडली: उलट्या, दरदरून घाम, गार हातपाय. म्हणजे आजीचीच यादी.

यादीत आणखी एक लक्षण होतं, जे आजीच्या गोष्टीत कधीच आलं नाही. पुरुषाच्या इंद्रियाला येणारी, न ओसरणारी ताठरता. आजोबांना ते माहीत होतं. आम्ही मोठे झाल्यावर गोठ्यात, आवाज खाली घेऊन त्यांनी सांगितलं. मरणाची एक आधीची खूण पुरुषांनी बायकांपासून लाजेने लपवली होती, आणि पाय चोळत उशाशी रात्र काढायच्या त्या बायकाच.

पुढे रक्तदाबावरची प्रॅझोसिन ही साधी गोळी बावस्करांनी या रोग्यांना द्यायला सुरुवात केली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. 1986 साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. शंभरातले चाळीसच्या घरात जाणारे मृत्यू एकावर आले. 2011 साली डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी महाडच्या 70 रोग्यांवर केलेला अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला, प्रॅझोसिनला प्रतिविषाची जोड दिली तर रोगी लवकर सावरतो, असं त्यात दिसलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

1988च्या मे महिन्यात माझ्या वडिलांना लाकडं काढताना विंचू चावला. या वेळी भगत नाही. झोळी, मग जीप, मग महाडचा एक दवाखाना. पहिला प्रश्न आला, "किती वाजता?" घड्याळ कोणाच्याच हातात नव्हतं. काका म्हणाले, "गुरं आत घेत होतो तेव्हा." डॉक्टर कोकणातलेच असावेत, त्यांनी न हसता कागदावर साडेसहा लिहिलं. गोळी दिली, तीन तासांनी पुन्हा दिली. वडिलांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मी रात्रभर रक्तदाबाच्या यंत्रातला पारा चढताना-उतरताना बघत बसलो. आजी खाटेच्या पायथ्याशी. यंत्राकडे तिने एकदाही पाहिलं नाही. दोन्ही मुठींत लेकाचे तळवे धरून बसली होती.

पहाटे नर्स पट्टा गुंडाळायला आली, तर आजीनेच तिला सांगितलं, "आता ऊब आली हो."

घरी आल्यावर आईने कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात ‘विंचू, साडेसहा’ असं लिहिलं. पुढच्या जूनपर्यंत वाडीतले आणखी चार चौकोन भरले. तिघांना नुसता ठणका होता. चौथ्याच्या पुढे आईने एवढंच लिहिलं होतं: ‘घाम. लगेच नेला.’