वारंवारता मिश्रण

वारंवारता मिश्रण म्हणजे दोन भिन्न वारंवारतांचे तरंग अरेषीय घटकातून एकत्र नेऊन, त्या वारंवारतांच्या बेरजेइतक्या व वजाबाकीइतक्या वारंवारतांचे नवे तरंग निर्माण करण्याची प्रक्रिया होय. तिला हेटरोडाइन क्रिया असेही म्हणतात. रेडिओ ग्राहीचे कार्य प्रामुख्याने या प्रक्रियेवर आधारलेले आहे.

विस्पंद आणि मिश्रण

दोन तरंग केवळ एकत्र आल्यास त्यांचे अध्यारोपण होते. नवी वारंवारता निर्माण होत नाही. तंबोऱ्याच्या दोन तारा २४० व २४२ हर्ट्झने कंप पावत असल्यास आवाज सेकंदाला दोनदा वाढतो व ओसरतो. यास विस्पंद म्हणतात. येथे २ हर्ट्झचा स्वतंत्र तरंग नसतो. तीव्रतेतील तो चढउतार असतो. मिश्रणात मात्र नवे तरंग प्रत्यक्ष निर्माण होतात व ते गाळणीने वेगळे काढता येतात.

तत्त्व

डायोड, ट्रान्झिस्टर यांसारख्या घटकांत बाहेर पडणारा संकेत आत येणाऱ्या संकेताच्या सम प्रमाणात नसतो. त्यात वर्गाचे पदही असते. (अ + ब)² च्या विस्तारातील २अब हे पद म्हणजे दोन तरंगांचा गुणाकार होय. त्रिकोणमितीनुसार दोन कोज्यांचा गुणाकार हा कोनांच्या बेरजेची व वजाबाकीची कोज्या यांच्या बेरजेच्या निम्मा असतो. नव्या वारंवारता येथूनच उद्भवतात.

उदाहरण

आकाशवाणीचे परभणी केंद्र मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झ वारंवारतेने प्रक्षेपण करते. नांदेड वा लातूर येथील रेडिओ संच या केंद्रावर लावला असता संचातील आंदोलक सामान्यतः १७६० किलोहर्ट्झचा तरंग निर्माण करतो. मिश्रणातून ३०६५ व ४५५ किलोहर्ट्झ या वारंवारता मिळतात. पैकी ४५५ किलोहर्ट्झची मध्यस्थ वारंवारता निवडली जाते. केंद्र बदलले तरी आंदोलकही त्याबरोबर बदलत असल्याने ही वजाबाकी कायम राहते; त्यामुळे पुढील विवर्धक एकाच वारंवारतेसाठी काटेकोर जुळवता येतात.

इतिहास

हेटरोडाइन तत्त्व रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी १९०१ च्या सुमारास मांडले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ल्युसिएँ लेव्ही व एडविन आर्मस्ट्राँग यांनी सुपरहेटरोडाइन ग्राहीची कल्पना विकसित केली.

मर्यादा

२२१५ किलोहर्ट्झचा संकेत संचात शिरल्यास त्याचीही १७६० शी वजाबाकी ४५५ च येते. या नको असलेल्या वारंवारतेस प्रतिमा वारंवारता म्हणतात. मिश्रणानंतर दोन्ही संकेत एकरूप होऊन वेगळे करता येत नाहीत. म्हणून मिश्रणापूर्वीच ती गाळावी लागते.

आकाशवाणी नांदेडच्या १०१.१ मेगाहर्ट्झ या एफएम वारंवारतेसाठी मध्यस्थ वारंवारता १०.७ मेगाहर्ट्झ घेतल्यास आंदोलक १११.८ मेगाहर्ट्झवर चालू शकतो. ही वारंवारता विमानांच्या दिशादर्शनासाठी राखीव असलेल्या १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येते. विमानात एफएम रेडिओ लावण्यास मनाई होण्यामागे संचातून बाहेर पडणारा हा क्षीण तरंग हे एक कारण आहे.